केरातली शाळा

किस्से जमवायला वेगळं काही करावं लागत नाही. गलाईच्या दुकानात दिवसभर काही सांडलंय असं वाटत नाही, पण संध्याकाळी झाडू मारला की सुपलीभर धूळ निघतेच, आणि त्या धुळीत काहीतरी चमकतं. आमच्या मंडळींच्या गोष्टी तशाच साठत गेल्या. चैत्रात यात्रेला पारावर चार डोकी जमली की त्या निघायला लागतात. ह्यातल्या काही मी पाहिल्यात, काही ऐकल्यात, आणि जिथं माझं डोकं चाललं नाही तिथं अमृतसरला विलासला फोन लावून विचारलंय. विलास माझा शाळूसोबती. त्याच्या बोलण्यातलं सोनं किती टंचाचं, म्हणजे किती चोख, धरायचं ते तुम्ही ठरवा.

आधी गाव सांगतो. खडकमाळ, सांगली जिल्ह्याच्या पार टोकाला. आमचं देऊळ सांगली जिल्ह्यात आणि देवळामागचं तळं सातारा जिल्ह्यात. तळ्याला पाणीच नसायचं, त्यामुळे दोन जिल्ह्यांत कधी भांडण झालं नाही. पाऊस पडला त्या वर्षी ज्वारी, नाही पडला त्या वर्षी गलाई, एवढाच आमचा पीकपाण्याचा हिशोब.

गलाई म्हणजे सराफाकडचं जुनं सोनं-चांदी आटवायचं, ॲसिडात टाकून भेसळ काढायची आणि चोख माल परत द्यायचा. देशातल्या कुठल्याही शहराच्या सराफ गल्लीत जा, एखाद्या बोळात धूर दिसेल. त्या धुरात तोंड घाला, आतून कोणीतरी म्हणेल, काय रं, कवा आलास? तो आमच्याकडचा. मी स्वतः कुंभकोणमला तीस वर्षं काढली. आता दुकान मुलगा बघतो आणि मी गावात राहून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन झालोय. हे काम गलाईपेक्षा अवघड आहे.

हे सगळं आज लिहायला बसलो त्याला कारण आमची शाळा. यंदा तिला टाळं लागायची वेळ आली होती, आणि तेही ज्यांनी तिच्यासाठी जन्म घालवला त्या शिवातात्यांच्या डोळ्यांदेखत. तिथपर्यंत येतोच. पण आधी केराचं सांगायला हवं, नाहीतर काहीच कळायचं नाही.

* * *

आमच्या गावच्या सगळ्या दुकानांत एक रीत आहे. ती तात्यांनी घातली. दुकानातला केर टाकायचा नाही. झाडलोट, जुनी चटई, भट्टीपुढचं फडकं, अगदी आमचे फाटके बनियनसुद्धा एका पिंपात साठवायचे. वर्षाअखेर ते सगळं जाळायचं, राख धुवायची, मुशीत आटवायची. तळाला सोन्याचा मणी उरतो. तो मणी मालकाचा नाही आणि कारागिराचाही नाही. तो गावाचा. म्हणून त्या पिंपाला आम्ही ‘गावाची माती’ म्हणतो.

आता हे माझ्या बायकोला कोण सांगणार? लग्न होऊन सुमन नुकतीच कुंभकोणमला आली होती. शेतकऱ्याची लेक, कामाला वाघ. तिसऱ्या दिवशी आम्ही सगळे बाहेर गेलेले बघून तिने दुकानात डोकावलं आणि तिला आमची लाज वाटली. तिने पदर खोचला, दुकान झाडलं, धुतलं, आणि कोपऱ्यातलं ते घाणेरडं पिंप पालिकेच्या कचराकुंडीत रिकामं करून, घासून उन्हात पालथं घातलं. आम्ही परत आलो तेव्हा दारात रांगोळीसुद्धा होती.

तात्या तेव्हा आमच्याच दुकानात काम करायचे. पिंप पालथं दिसताच ते आल्या पावली वळले आणि पळत सुटले. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे दोन कारागीर. चौघंही कुंडीत उतरलो. तिकडं आम्हाला सगळे ‘सेट्टू’ म्हणतात, म्हणजे शेठ. पालिकेची झाडूवाली बाई तिथंच उभी होती. आपल्या कुंडीत चार सेट्टू गुडघाभर केरात बघून तिने तमिळमध्ये विचारलं, काय हरवलं? तात्यांना तमिळ फाडफाड येतं. पण त्या घाईत थाप सुचली नाही, तमिळमध्येही तोंडातून खरं तेच निघालं. आमचं गाव पडलंय म्हणाले.

बाईने क्षणभर विचार केला, पदर खोचला आणि ती पण उतरली. पुढं कितीतरी वर्षं दुकानावरून जाताना ती विचारायची, सेट्टू, गाव जागेवर आहे ना?

सुमनने त्या दिवसापासून केर टाकला नाही. आता गावात आम्ही राहतो, अंगणात सोनं सांडायचा काही संबंध नाही, तरी ती झाडलेलं एका कोपऱ्यात जमवून ठेवते.

* * *

तात्या गावातून सगळ्यांत आधी बाहेर पडले. मोठ्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर होते, तिथून एका लांबच्या मामाच्या ओळखीने थेट तमिळ मुलखात. वय विशीच्या आत-बाहेर, लग्नाला जेमतेम वर्ष झालेलं. ताराकाकू मागे राहिली. लिहिता-वाचता दोघांनाही येत नव्हतं. शाळा होती ती ओढ्यापलीकडे, दोन कोसांवर.

तात्या महिन्याला मनीऑर्डर करायचे. फॉर्म तिथला पोस्टातला कारकून भरायचा. फॉर्मच्या खाली निरोपाला थोडी जागा असायची, तिथं काय लिहू म्हणून त्याने विचारलं. आता बायकोला काय कळवायचं ते परक्या माणसाला कसं सांगणार? तात्यांनी शाईत अंगठा बुडवला आणि त्या जागेत उमटवला.

इकडे पोस्टमनने पैसे दिले, पावतीचा तुकडा उलटसुलट केला आणि काकूला म्हणाला, ह्यात काही लिहिलेलंच नाही, नुसता अंगठा आहे.

काकूने तुकडा हातातून काढून घेतला. “तेच तर लिवलंय,” ती म्हणाली.

ते तुकडे ती एका पत्र्याच्या डब्यात ठेवायची. हळूहळू तिला अंगठा वाचता यायला लागला. ठळक आला तर बरं चाललंय, पुसट आला तर दमलेत. आणि एका महिन्यात अर्धाच अंगठा आला. एका बाजूच्या रेघाच नाहीत. पोस्टमन म्हणाला शाई कमी पडली असेल. काकूने ऐकून घेतलं, भाकऱ्या बांधल्या, भावाला बरोबर घेतलं आणि मिरजेला जाऊन गाडीत बसली. त्याआधी ती विट्याच्या पलीकडे गेली नव्हती! फॉर्मवरचा पत्ता दाखवत, विचारत, तिसऱ्या दिवशी दुकानाच्या दारात उभी राहिली. तात्यांच्या हाताला बँडेज होतं. ॲसिड उडालं होतं. कोणाला कळवायचं नाही अशी त्यांनी सगळ्यांना ताकीद दिलेली.

तुला कुणी सांगितलं, त्यांनी विचारलं.

“तुमीच की,” काकू म्हणाली.

* * *

पुढं दोन वर्षं तात्यांनी पोटाला चिमटा काढून जास्तीचे पैसे पाठवले आणि गावी जाणाऱ्या माणसाबरोबर निरोप दिला की घरावरचं गवत काढ आणि पत्रा घाल. पत्र्याचं घर म्हणजे त्या वेळी आमच्याकडे मोठी इज्जत. यात्रेला तात्या एसटीतून उतरले आणि लांबूनच बघतात तर घरावर तेच गवत. तरातरा चालत आले. आल्याबरोबर दारातल्या धोंड्यावर बसले.

काकूने तांब्याभर पाणी आणून दिलं. ते प्यायले. पाणी गोड लागलं. कुठलं पाणी म्हणून विचारलं, तर काकूने घरामागं बोट दाखवलं. चांगली पाच पुरुष खोल विहीर! दोन उन्हाळे तिने माणसं लावून, स्वतः पाट्या उचलून खणून घेतली होती.

पत्रा घाल म्हटलं होतं ना, असं तात्या म्हणाले, पण तोवर त्यांच्या आवाजातला राग गेला होता.

“पत्र्याखाली बसून पानी कुठनं प्याला असतासा?”

त्या विहिरीवर पहिल्या वर्षी कांदा झाला, मग भाजीपाला, पुढं डाळिंब. शेजारची चार घरं त्याच पाण्यावर उभी राहिली आणि आमच्या वाडीचा टँकर कायमचा बंद झाला. पूर्वी खडकमाळ म्हटलं की लोक मुली द्यायला तयार नसायचे, लेक पाण्याला मरेल म्हणायचे. तेच पाहुणे आता स्थळ घेऊन येतात. तात्या अजून कोणालाही सांगतात, “गलाई मी केली, पर चोख सोनं हिनं काढलं.” काकू तेव्हा मुद्दाम आत निघून जाते.

* * *

शाळेची गोष्ट छोटी आहे. अर्ध्या अंगठ्याच्या प्रकरणानंतर तात्यांच्या डोक्यात एकच बसलं, की आपल्या मागच्यांना नीट पत्र लिहिता आलं पाहिजे. तेव्हापासून केराचे मणी साठायला लागले. कुंभकोणम, त्रिचूर, अमृतसर, सुरत, कोलकाता, जिथं जिथं आमची भट्टी तिथून यात्रेला एकेक मणी यायचा. आधी दोन खोल्या झाल्या, मग चार, मग वर सिमेंटचं छप्पर आणि समोर व्हरांडा.

पाटीवर तात्यांचं नाव टाकायचं सगळ्यांनी ठरवलं. तात्या ऐकेनात. मग गवंड्याला त्यांनी स्वतः सांगून संगमरवरावर चार शब्द कोरून घेतले: ‘ही शाळा केरातून बांधली.’

उद्घाटनाला मोठे पाहुणे आले होते. त्यांनी पाटी वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. कारागिराची चूक असणार असं त्यांना वाटलं असावं. कारण भाषणात त्यांनी ही शाळा केरळातून बांधल्याबद्दल तिथल्या मराठी बांधवांचे मनापासून आभार मानले. केरळातल्या त्रिचूरचे आमचे दोघे जण उठून हात जोडून उभे राहिले. बाकीच्या शहरांतले आम्ही सगळे एकमेकांकडे बघत बसलो!

* * *

यात्रेत आमचं गाव बघण्यासारखं असतं. एरवी कुत्रं दिसत नाही, आणि त्या पाच दिवसांत देवळापासून फाट्यापर्यंत गाड्याच गाड्या. नंबरप्लेट वाचत गेलात तर भूगोलाचा एक धडा होतो. विलासची नातवंडं पंजाबी बोलतात, माझी तमिळ. दोघांचं भांडण झालं की आम्ही दोघं आजोबा दुभाषे म्हणून बसतो, आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या एकमेकांना सांगतच नाही. त्यामुळे भांडण लवकर मिटतं.

एका वर्षी एसटीवर नवा कंडक्टर होता. त्याने फाट्यावर उतरून गाड्या बघितल्या, पोरांची बोली ऐकली, आणि परत बसमध्ये चढून ओरडला, चला, दिल्लीवाले उतरा. तेव्हापासून विटा आगारात आमच्या थांब्याला दिल्ली म्हणतात. तिकीट मात्र खडकमाळचंच लागतं.

* * *

मध्यंतरी पुण्याहून एक मुलगी आली होती, कॉलेजात अर्थशास्त्र शिकणारी. बाहेर गेलेल्या माणसांच्या पैशाने गावाची गरिबी कमी होते का, असा तिचा विषय. हुशार होती, मन लावून विचारत होती. तिला मी काकूकडे नेलं. तिने फॉर्म काढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, घरातले सदस्य किती?

काकूने तिच्याकडे बघितलं. “यात्रंतलं सांगू, का यात्रंबिगरचं?”

मुलीने पेन खाली ठेवलं. म्हणाली, आजी, ह्याला माझ्या फॉर्ममध्ये रकानाच नाही. मग ती दोन दिवस काकूकडेच राहिली. जाताना फॉर्म तसाच होता आणि पिशवीत डाळिंबं होती.

* * *

आता तात्यांच्या अंगठ्याचं.

तात्या दहा वर्षांपूर्वी कायमचे गावाला आले. गेल्या वर्षीच्या दिवाळीआधी त्यांना बँकेत आधार जोडायला नेलं. काकू हट्टाने बरोबर आली. खिडकीतल्या पोरीने मशीन पुढं केलं आणि अंगठा ठेवा म्हणाली. लाल दिवा लागला. पुसून ठेवा. लाल. दुसरा ठेवा. लाल. दहाही बोटं झाली. ॲसिडात चाळीस वर्षं बुडालेली बोटं ती, रेघा कधीच गेलेल्या. आमच्या सगळ्या गलाईवाल्यांचं थोड्याफार फरकाने हेच आहे, पण तात्यांचा अंगठा काचेसारखा गुळगुळीत. मशीन सांगत होतं, असा माणूस नाही.

काकू पुढं झाली. “पोरी, ह्यो मानूस मी नुसत्या अंगठ्यावर वळखलाय. तुजी मशीन त्याला न्हाई म्हनती व्हय?”

पोरगी बिचारी चांगली होती. तिने दुसरा मार्ग काढला, एका कागदावर सही करा म्हणाली. आणि तिथं तात्या थांबले. पाच भाषा बोलणारा माणूस, चार खोल्यांची शाळा बांधणारा, आणि खाली मान घालून उभा. सही कधी लागलीच नव्हती. अंगठ्यावर भागत होतं.

येताना एसटीत ते अंगठा धोतराला घासत राहिले. मला वाईट वाटलं हे मी सांगायला नको. आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा धोतर, टोपी आणि बगलेत पाटी अशा थाटात तात्या पहिलीच्या वर्गात जाऊन मांडी घालून बसले. आमच्या मुख्याध्यापिका कांबळे मॅडम, कुंडलच्या. त्यांनी खुर्ची आणायला लावली. तात्यांनी ती परत पाठवली. मॅडमनी हजेरीत नाव घेता येत नाही म्हणून सांगितलं, पण रोज सगळ्यांत शेवटी त्या तोंडाने तेवढं पुकारायच्या. तात्या उभे राहून हजर म्हणायचे.

* * *

पण शाळेचं दुखणं निराळंच होतं. पैसा आला, विहिरी आल्या, डांबरी रस्ता आला, शाळेला संगणक आले. आणि पोरं गेली. धंदा बरा चालला तशी प्रत्येकाने बायका-मुलं आपापल्या दुकानाच्या शहरात नेली. त्यात चूक काय? मी पण नेली. पट उतरत उतरत अकरावर आला. यात्रेच्या तोंडावर कागद आला, की जूनमध्ये पट वाढलेला दिसला नाही तर शाळा ओढ्यापलीकडच्या शाळेत मिळवून टाकण्यात येईल. म्हणजे पुन्हा दोन कोस.

मी कागदाचा फोटो ग्रुपवर टाकला. काय सांगू, पाच मिनिटांत नुसता पाऊस! सुरतवाले म्हणाले नवीन बाकं देतो. कोलकात्याने प्रोजेक्टर जाहीर केला. विलास म्हणाला, चारही खोल्यांना एसी बसवतो, पंजाबमधून आणतो. ऊर भरून आला. आमची माणसं अशी आहेत, गावाचं नाव काढलं की हात आखडत नाहीत.

मॅडमना मी अभिमानाने सगळं वाचून दाखवलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याच फोनवरून ग्रुपला बोलून निरोप पाठवला. “दादा, खोल्या आहेत, बाकं आहेत, पंखे आहेत. आता पोरं पाठवा. मनीऑर्डरनं येत असतील तर मनीऑर्डरनं पाठवा.”

ज्या ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं कधी थांबत नाहीत, तिथं दोन दिवस एकसुद्धा मेसेज नाही. विलासचाही नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं.

तिसऱ्या दिवशी तात्या माझ्याकडे आले, पाटी बाजूला ठेवली आणि मला पण बोलायचं हाय म्हणाले. मी बटण दाबून फोन धरला. मी समजलो आता तात्या सगळ्यांना झाडणार. तात्या नेहमीच्या आवाजात बोलले. “मी शिवा. मी पयलीत हाय. वर्गात आमी तिघंच. खेळायला गडी कमी पडत्यात.”

एवढंच. फोन माझ्या हातात दिला आणि पाटी घेऊन गेले.

* * *

त्यानंतरचा मे महिना मी कधी विसरणार नाही. घराघरांत वाद झाले. ते होणारच होते. माझी सून म्हणाली, बाबा, तुम्ही त्या गावातून बाहेर पडलात म्हणून आम्ही शिकलो, आता माझ्या मुलांना परत पाठवायचं? प्रश्न रास्त होता. सुमनने फोन घेतला आणि तिला सांगितलं, एक वर्ष बघ, नाही पटलं तर मी स्वतः आणून सोडते. सून दोन दिवस विचार करत राहिली. मग म्हणाली, मुलांना एकटं पाठवणार नाही, मी पण येते. ती आली, आणि पंधरा दिवसांत मॅडमच्या संगणकाच्या खोलीचा ताबा घेतला.

तिचं बघून त्रिचूरचं एक घर आलं, सुरतेची दोन. विलासने आपली तीन नातवंडं आणून सोडली आणि वर ऐकवलं की एसीचे पैसे वाचले. ज्यांच्या आई-बापांना राहणं शक्य नव्हतं, अशी विलासच्या तिघांसकट नऊ पोरं काकूच्या घरात उतरली. काकूने त्यासाठी अखेर घरावर मजला चढवला. पत्र्याचा!

* * *

जूनमध्ये पट तपासायला साहेब आले. शांत, सरळ माणूस, घामाने भिजलेला, हातात फाइल. मॅडमनी हजेरी घ्यायला सुरुवात केली. माझी नात उठली आणि सवयीने ‘उळ्ळेन अय्या’ म्हणाली. त्रिचूरची पोर ‘हाजर’ म्हणाली. विलासचा नातू ‘हांजी मॅडम’. साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडम म्हणाल्या, सगळी खडकमाळचीच आहेत, गावाच्या बाहेरून आलीत.

साहेब हसले, पण त्यांना कागद हवे होते. फाइलमधले दाखल्याचे अर्ज त्यांनी एकेक तपासले. नऊ अर्ज बाजूला काढले. त्यांवर पालकाची सही नव्हती. पालक परगावी, इथं सांभाळणार कोण ते लिहून, त्याची सही पाहिजे. ह्या नऊ जणांना धरलं तर पट पुरा होत होता. सोडलं तर शाळा ओढ्यापलीकडे.

ही नऊही तात्या-काकूंच्या घरात राहणारी, म्हणून मॅडमनी तात्यांना बोलावलं. ते पहिलीच्या रांगेतून उठून आले. खुर्चीवर बसले, चष्मा लावला, धोतराला हात पुसले. काकू दारात उभी होती, पोरांचा डबा घेऊन आलेली. सगळी शाळा बघत होती. मला माहीत होतं की तात्यांना पाटीवर सही जमते, पण ‘शि’ची वेलांटी अजून दर दुसऱ्या वेळेला चुकते.

साहेबांनी म्हाताऱ्या माणसाच्या बगलेतली पाटी पाहिली. त्यांना दया आली. त्यांनी बॅगेतून शाईचा पॅड काढला, उघडला आणि पुढं सरकवला. आजोबा, त्रास घेऊ नका, अंगठा केला तरी चालेल, असं अगदी प्रेमाने म्हणाले.

तात्यांनी पॅड झाकला आणि परत त्यांच्याकडे सरकवला.

“साहेब, अंगठ्यावर भागलं असतं, तर शाळा कशाला बांधली असती?”

मग त्यांनी पेन उचललं. एकेक अक्षर, ओठ हलवत. वेलांटी सगळ्यांत शेवटी. पहिल्या अर्जाला एवढा वेळ लागला की साहेबांनी टोपी काढून टेबलावर ठेवली. चौथ्या अर्जापासून मागची पोरं हळू आवाजात त्यांच्याबरोबर अक्षरं म्हणायला लागली, तमिळ, मल्याळी, पंजाबी, सगळ्या सुरांत. नऊ अर्ज झाले. नऊही वेलांट्या बरोबर आल्या. साहेबांनी फाइल बंद केली, टोपी घातली आणि जाताना मॅडमना विचारलं, पुढच्या वर्षी आणखी एक शिक्षक लागेल ना?

काकू तोवर आत आली होती. तिने डबा खाली ठेवला आणि एक अर्ज हातात घेतला. डोळ्यांजवळ धरला, लांब धरला, उलटा केला, परत सुलटा केला. सहीवरून बोट फिरवलं.

“आवं, ह्यात तुमी कुठं हाय?”

तात्यांनी आपला गुळगुळीत अंगठा सहीच्या खाली टेकवला.

“हितं.”